डब्याचा उजवा पाय

३ फेब्रुवारी

पान्या,

फोनवर आपण बोललो की तिसऱ्या वाक्याला तू फोन आपटतोस. पत्र आपटता येत नाही म्हणून लिहिते आहे. चुरगळलंस तरी तोवर वाचून झालेलं असतं.

डब्याचा उजवा पाय मोडला. कचऱ्याची गाडी मागे घेताना त्या शहाण्याने आरशात बघितलं नाही आणि सरळ पायावर आला. बाबांनी ट्रेलरवरचा हा घर-डबा घेतला तेव्हा तू एवढासा होतास आणि म्हणाला होतास, "ताई, मागे चाकं आणि पुढे दोनच पाय, म्हणजे आपलं घर रांगतं." ते रांगणारं घर आता गुडघ्यावर आलंय. ट्रक लावलेला नसताना पुढचं सगळं वजन त्या दोन पायांवर असतं, हे तुला मी काय सांगू? तुझं पोटच त्यावर चालतं. पायाची आतली नळी वाकलीय, हँडल फिरत नाही, डब्याचं पुढचं नाक उजवीकडे झुकलंय. दार अर्धंच उघडतं. फळीवरची भांडी रोज सकाळी जमिनीवर येऊन बसलेली असतात. आणि आईचा पलंग नेमका नाकावरच्या खोलीत, त्यामुळे तिचं डोकं खाली आणि पाय वर. काल म्हणाली, "मेल्यावर तरी सरळ ठेवाल ना, की तेव्हाही उतारावरच?"

तिला आता जवळजवळ काहीच दिसत नाही. गुडघे तर कधीच गेले. जीभ मात्र शाबूत आहे, काळजी नको.

आता खरं कारण. मी लग्न करते आहे. हस, पोटभर हसून घे, मग पुढे वाच. ते घड्याळं दुरुस्त करतात. पहिली बायको जाऊन बरीच वर्षं झाली. दुकानावर दोन खोल्या आहेत, पण जिना इतका अरुंद की आईला वर नेणं कुणाच्या बापाला जमणार नाही. मार्चमध्ये सह्या करायच्या आहेत. त्याआधी डबा ट्रकला जोडून आईसकट तुझ्या गॅरेजच्या आवारात आणून लावायचा, असं मी ठरवलंय. ठरवलंय म्हणजे विचारत नाहीये. बाबा गेल्यापासून तिचं न्हाणंधुणं, औषधं, टोमणे, सगळं माझ्याकडे. तुझ्या वाट्याला नुसतं कौतुक. "माझा पान्या असता तर", हे मी इतक्यांदा ऐकलंय की मला वाटतं तू मेलायस.

पण पाय धड नसेल तर नाक उचलता येत नाही, आणि नाक उचललं नाही तर ट्रक खाली शिरत नाही. तेव्हा तू येऊन पाय बसव, नाहीतर काय करायचं ते सविस्तर लिही. बाबा म्हणायचे, पान्या माणसांशी खोटं बोलेल, पण लोखंडाबद्दल कधी बोलणार नाही. त्याच भरवशावर विचारते आहे.

ताई

१० फेब्रुवारी

ताई,

हसलो. बायकोलाही वाचून दाखवलं, तीही हसली. आमच्या घरात बऱ्याच दिवसांनी दोघं एका गोष्टीवर हसलो, त्याबद्दल आभार. उतावळा नवरा नि गुडघ्याला बाशिंग ऐकलं होतं. इथे नवरीचेच गुडघे धरतात, तेव्हा बाशिंग कुठे बांधणार ते तुम्ही दोघं बसून ठरवा. घड्याळजींना मात्र दोष देत नाही. जुनाट, कुरकुरणाऱ्या वस्तू घरी आणायच्या हा त्यांचा धंदाच आहे.

मला येता येत नाही. आवारात तीन ट्रेलर पोट उघडं टाकून पडलेत. नवा पाय मागवला तर कधी येईल देव जाणे, आणि तुला तर घाई. म्हणून खालचं नीट वाच आणि तसंच कर. स्वतःची अक्कल घालू नकोस.

नाकाची जी लोखंडी चौकट आहे, तिच्याखाली पायाच्या जवळ लाकडी ठोकळे रच. एक थर आडवा, एक उभा. विटा अजिबात नकोत, वीट सांगून फुटत नाही. वर बॉटल जॅक ठेवून नाक हळूहळू उचल. ओट्यावर काठोकाठ पाण्याचा पेला ठेव. पाणी सगळीकडे सारखं आलं की थांब. मग वेल्डर बोलाव. वाकलेली नळी तापवून सरळ करू दे, आणि बाहेरची नळी व आतली नळी यांचा सांधा चारी बाजूंनी भरून वेल्ड करून टाक. दोन्ही पायांना जोडणारा आडवा दांडा आहे ना, तोही टाके मारून पक्का कर. मग तो पाय जन्मात हलणार नाही. माझा शब्द.

ट्रक हवेच्या फुग्यांवरचा सांग. तसले ट्रक स्वतःच खाली बसतात आणि वर उठतात. पायाला हात लावायची गरज नाही.

आणि मग ये सरळ. म्हातारीसाठी पत्र्याखाली सावलीची जागा करून ठेवतो. 'म्हातारी' हा शब्द वाचून दाखवू नकोस, नाहीतर बसेल आठवडाभर धरून.

पान्या

२१ फेब्रुवारी

पान्या,

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. बाशिंग गाळलं, म्हातारी गाळली, घड्याळजींचा धंदा गाळला. उरलं ते ठोकळे आणि जॅक. तेवढ्यावरही बाईचा चेहरा असा उजळला की काय सांगू. "बघ, कसं एकेक समजावून सांगतो," म्हणाली. "तुला मी मीठ कुठे ठेवलंय ते विचारलं तरी तू ओरडतेस."

काम झालं. आमच्या इथल्या चौकीदाराने वखारीतून ठोकळे आणून दिले, वेल्डर आला तो दारं-खिडक्यांच्या जाळ्या करणारा. त्याने ट्रेलरचा पाय पहिल्यांदाच बघितला. सांधा भरू लागला तेव्हा थांबला आणि म्हणाला, "ताई, ही आतली नळी सरकायची असेल ना? मी भरली तर सरकायची नाही." मी त्याला तुझं पत्र दाखवलं. म्हटलं, माझा भाऊ आयुष्यभर हेच करतोय, तुम्ही जाळ्या बनवता. त्याने मान डोलावली आणि भरली. दांड्यालाही टाके मारले. मग मी जॅक काढला आणि सगळं वजन पायावर आलं. कर्र असा आवाजसुद्धा नाही झाला. पेल्यातलं पाणी अजून ओट्यावर तसंच ठेवलंय, येता-जाता बघते. इतक्या दिवसांनी दार पूर्ण उघडलं आणि मी उगाच चार वेळा आत-बाहेर केलं.

आई म्हणाली, "मी सांगत नव्हते, पान्याच नीट करेल?" तू इथे नव्हतास, जॅक मी मारला, हाताला फोड मला आला. पण असू दे. आज रागवायचं नाही असं मी ठरवलंय. खरं सांगू, तू फाटे फोडशील असं मला वाटलं होतं. तू सरळ ये म्हणालास. लहानपणी तू माझ्या ताटातलं पळवायचास आणि मग अर्धं परत ठेवायचास, ते आठवलं.

ट्रक हवेवरचाच मिळालाय. पाच मार्चला सकाळी निघू. तुझ्या बायकोला सांग, आईचा चहा बिनसाखरेचा आणि तक्रारीसकट.

ताई

६ मार्च

पान्या,

ट्रकवाला आला. खाली वाकून पाय बघितला, हँडलला हात लावला, मग खाली बसूनच हसत सुटला. म्हणाला, "ताई, हा पाय नाही, खांब आहे. ट्रक जोडल्यावर पाय वर उचलून घ्यायचे असतात. हे रस्त्यावर घासत नेऊ का? पहिल्याच खड्ड्यात चौकट फाडून मोकळे होतील. तुमचं घर आता इमारत झालंय." मी विचारलं, कापता येईल? म्हणाला, "कापाल, पण मग उभं कशावर करणार? नवीन पाय बसवणारा माणूस आणा, मग मला बोलवा." आणि गेला.

आई आतून विचारत होती, निघालो का, निघालो का. तिने शाल पांघरून मांडीवर पिशवी घेतली होती. संध्याकाळपर्यंत तशीच बसली होती, कारण मला आत जाऊन सांगायचं धैर्य झालं नाही.

मी चुकले की तू चुकलास, एवढंच लिही. तुझी चूक झाली असेल तर मला राग नाही.

ताई

१४ मार्च

ताई,

माझी चूक? मी लिहिलं होतं, जन्मात हलणार नाही. हलला का?

तुझ्या पहिल्या पत्रात होतं, "ठरवलंय म्हणजे विचारत नाहीये." मीही विचारलं नाही. आता फिट्टंफाट झाली. जाळ्यावाल्याला जे दिसलं ते तुला दिसलं नाही, कारण बाबांचं वाक्य तुझ्या डोळ्यांवर होतं. बाबांनी माझं कौतुक करून ठेवलं त्याचा मला एवढ्या वर्षांनी उपयोग झाला.

हे आईला वाचून दाखवायचं नाही, पण तुला एकदाच स्पष्ट सांगतो. मला आई लांबून आवडते. मागे आठ दिवस आली होती, तर माझी बायको पाचव्या दिवशी माहेरी गेली आणि मी सातव्या दिवशी गॅरेजात झोपायला लागलो. चहात खोट, चालण्यात खोट, मुलं रडतात त्यातही खोट. तुझ्याबद्दल म्हणते तसं ती माझ्याबद्दलही म्हणायला लागली होती. मला तिचा लाडका राहायचंय, आणि लाडकं राहायला अंतर लागतं. तू जवळ राहिलीस, तुझं नशीब.

डबा छान उभा आहे असं तूच लिहिलंस. पाणी हलत नाही, दार उघडतं. मग राहा की. घड्याळजींनाच बोलाव तिकडे, जावई म्हणून पुढच्या खोलीत म्हातारीच्या पायाशी झोपतील. या वयात लग्न म्हणजे तरी काय, दोघांनी मिळून औषधाच्या वेळा पाळायच्या. त्याला वेगळं घर कशाला?

पान्या

२५ मार्च

पान्या,

सह्या झाल्या. मी निघाले. हे पत्र तुला मिळेल तेव्हा आई डब्यात एकटी असेल.

चौकीदाराच्या बायकोला सांगितलंय, दोन वेळा जेवण देईल, उठवेल, बसवेल. पण ती परकी बाई आहे, महिनाअखेर मुलीकडे जाणार आहे. नंतर तू आणि तुझी आई. डबा तिथून हलणार नाही, तुझा शब्द आहे. तेव्हा तुलाच हलावं लागेल.

आज लिहायचंच आहे तर सगळं लिहिते. बाबांच्या आधी ही गेली असती तर आपण तिघं सुखात राहिलो असतो, असं मला कित्येकदा वाटलंय. रात्री तिला खोकल्याची ढास लागली की मी अंथरुणात पडून ऐकत राहायचे आणि मनात म्हणायचे, थांबू दे, कसाही थांबू दे. मग उठून पाणी द्यायचे. पाणी दिलं ते सगळ्यांनी बघितलं. आता हेही एकाला कळू दे.

निघताना मी तिला सांगितलं, पान्या न्यायला येतोय. म्हणाली, "मला माहीतच होतं. तुलाच खात्री नव्हती." केस विंचरून दे म्हणाली. विंचरून दिले. तुला आवडते म्हणून निळी साडी काढ म्हणाली. काढली. मला कुठे चाललीस, लग्न कसं झालं, माणूस कसा आहे, एका शब्दाने विचारलं नाही. त्यानंतर दाराबाहेर पाऊल टाकणं अजिबात जड गेलं नाही.

ताई

१७ एप्रिल

ताई,

पत्ता चौकीदाराने दिला. शिव्या द्यायला म्हणून कागद घेतला होता, पण सगळ्या देऊन झाल्या, वाटेतच. तू केलंस ते जनावरही करत नाही. मी पोचलो तेव्हा आई खिडकीत बसली होती. माझ्या पावलाच्या आवाजावरून तिने ओळखलं.

तर आता ऐक. मी इथेच राहतोय, गॅरेज पोरांवर टाकून. बायकोने सांगितलंय, तिला घेऊन आलास तर मी नाही. म्हणून आधी पाय दुरुस्त केला. करायचाच तर नीट, म्हणून येतानाच नवा घेऊन आलो होतो. ठोकळे रचले, जॅकने नाक उचललं, वजन चौकटीवर घेतलं. तुझ्या जाळ्यावाल्याचं वेल्डिंग कापताना ग्राइंडरच्या दोन चकत्या झिजल्या. मानलं त्याला, मेल्याने मनापासून भरलं होतं. बोल्ट गंजून एकजीव झालेले, दोन तापवून काढले, एक तोडावाच लागला. नवा पाय वर चढवला, बोल्ट सैलच ठेवले, डाव्या पायाशी उंची जुळवली. आडवा दांडा बसवायच्या आधी दोन्ही पाय सारखेच बाहेर आलेले असावे लागतात, नाहीतर एक टेकतो आणि दुसरा लोंबतो. मग दांडा, मग सगळे बोल्ट करकचून, मग आत ग्रीस. आता हँडल एका हाताने फिरतं. पूर्ण वर, पूर्ण खाली, कुठे अडकत नाही. बाबा असते तर त्यांनी उगाच दहा वेळा फिरवलं असतं.

आणि आणखी एक गंमत. तू गेल्यापासून तू लाडकी झालीस. पहिले दोन दिवस माझं कौतुक. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "तुझ्या हाताला चव नाही, ताईच्या हाताला होती." चौथ्या दिवशी, "ताई बोलायची लागेल असं, पण हात मऊ लागायचा." काल तर रडली. मी म्हटलं ना, अंतर लागतं.

झालं ते झालं. भाऊ म्हणून तुझ्या लग्नाला मी काही दिलं नाही. एक भेट पाठवायची आहे. मोठी आहे, ट्रकनेच आणावी लागेल. दुकानाजवळ उतरवायला जागा आहे का, जमीन पक्की आहे का, ट्रक वळतो का, ते कळव. घड्याळजींना नमस्कार.

पान्या

२४ एप्रिल

पान्या,

तुझं पत्र मी दुकानात बसून वाचलं आणि यांनी भिंग लावलेल्या डोळ्याने वर बघून विचारलं, काय झालं? म्हटलं, काही नाही. हात मऊ लागायचा, असं म्हणाली? मला कधीच म्हणाली नाही. मला वाटायचं तिला माझे हात माहीतच नाहीत.

मी वाईट वागले. तूही वागलास. पण पाय तू नीट केलास आणि तिच्याजवळ राहिलास, यात सगळं आलं. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, तुझा थोडा गेलेला दिसतोय. बायकोची समजूत पटेल. आवारात डबा लागला म्हणजे आई काही तुमच्या स्वयंपाकघरात नसेल, हे तिला सांग. वाटलं तर मी अधूनमधून येऊन दोन-चार दिवस राहीन.

भेट कशाला? पण आणतोसच तर ऐक. दुकानाला लागून बंद पडलेली लाकडाची वखार आहे. तिच्यासमोर फरसबंदी आहे, पक्की, पूर्वी तिथे लाकडाचे ट्रक उभे राहायचे. सहज वळतात. वखारवाला यांचा जुना मित्र, कुणी काही बोलणार नाही. कपाट असेल तर मात्र जिन्याचं माप आधी घे. हे म्हणाले, कपाट नसलं तरी चालेल, भाऊ आला तरी पुष्कळ.

आईला सांग, खोकल्याला गरम पाण्यात मध, आणि उशी उंच.

ताई

५ मे

ताई,

हे पत्र पोस्टाने नाही, दाराखालून सरकवतोय. खिडकी उघडून वखारीकडे बघ.

फरसबंदी खरंच पक्की आहे. तरी दोन्ही पायांखाली फळ्या घातल्यात. पाणी पेल्यात सपाट आहे, तपासलं. आई ट्रकमध्ये माझ्या शेजारी बसून आली, मजेत आली. तिला सांगितलंय की तूच बोलावलंस, तुला तिच्याशिवाय करमत नाही. मी चहा आणायला गेलोय, असंही सांगितलंय. ट्रकवाला घाई करतोय.

तुम्हा दोघांना शुभेच्छा.

पान्या

९ मे

पान्या,

ती दुपारपर्यंत चहाची वाट बघत होती. शेवटी मी केला. पहिला घोट घेऊन म्हणाली, "पान्याने आणलाय ना? तुझा इतका चांगला होत नाही."

मी तिला विचारलं, तिसऱ्या दिवशी तू माझ्या हाताच्या चवीबद्दल काही म्हणाली होतीस का? हात मऊ लागायचा असं काही? तिने जरा आठवून बघितलं. "मी? छे गं. तुझे हात खरखरीत आहेत. पहिल्यापासून." तेव्हा ते वाक्यही तूच बनवलंस. एवढ्याशा वाक्यासाठी मी तुला वखार, फरसबंदी, ट्रक कसा वळतो, सगळं लिहून दिलं. तुला माझी किंमत बरोबर माहीत आहे.

हे बाहेर जाऊन तू बसवलेला पाय बघत कितीतरी वेळ उभे होते. आत येऊन म्हणाले, "तुझ्या भावाचं काम सुबक आहे हो, कुठे खोट नाही." मी जेवले नाही.

मग मी एक गोष्ट केली. तुझी सगळी पत्रं मी जपून ठेवली होती. परवा संध्याकाळी तिच्या पलंगाशी बसले आणि पहिल्यापासून वाचून दाखवली. या वेळी काहीही गाळलं नाही. बाशिंग वाचलं. म्हातारी वाचलं, जिथे जिथे होतं तिथे. जन्मात हलणार नाही, हे काय होतं ते समजावून सांगितलं. "मला आई लांबून आवडते" हे सावकाश वाचलं, दोनदा. शेवटची चिठ्ठी वाचली, चहासकट. पान्या, मला तिला दुखवायचंच होतं. तिच्या तोंडून तुझ्यासाठी एक शिवी ऐकायची होती. आयुष्यात एकदा. मला तेवढं मिळालं असतं तर मी तिला मरेपर्यंत सांभाळलं असतं, हसत सांभाळलं असतं.

तिने सगळं ऐकलं. मधे खोकलीसुद्धा नाही. मग म्हणाली, "किती छान लिहायला लागलाय. शाळेत चार ओळी लिहायचा नाही."

मी रडले. तिला दिसलं नसेल, पण ऐकू आलं असणार. ती माझी वाट बघत बसली, रडणं संपेपर्यंत. मग म्हणाली, "आता तुझी वाच."

म्हटलं, माझी माझ्याकडे नाहीत. त्याच्याकडे आहेत.

"तू पण माझ्याबद्दल लिहिलं असशीलच."

खोकल्याबद्दल काय लिहिलंय ते मला आठवत होतं. बाबांच्या आधी कोण जायला हवं होतं, तेही.

"मग त्याच्याकडे ने मला," ती म्हणाली. "ती पत्रं पण ऐकते. एकाचंच ऐकून कसं चालेल? पाय चालतो ना आता?"

चालतो, म्हटलं.

बुधवारी ट्रक येतोय. हँडल मी फिरवून बघितलं, एका हाताने फिरतं. माझी पत्रं जाळू नकोस. तिने बजावून सांगितलंय, आणि तारखेने लावून ठेव म्हणालीय. तिला तूच वाचून दाखवायची आहेत.

ताई